लावला म्हणजे?

“सहा नंबर लावला,” वॉकीटॉकीवर परशुराम भुवडांचा आवाज आला.

“लावला म्हणजे, दादा?” जयवंती पावराने विचारलं. “बंद केला की चालू केला?”

पलीकडून लांबलचक उसासा ऐकू आला. “बाय, व्हॉल्व्ह हाय तो. व्हॉल्व्ह लावला म्हंजे बंदच केला ना. पेटवतात काय व्हॉल्व्ह?”

“सहा नंबर व्हॉल्व्ह बंद,” ती शांतपणे म्हणाली आणि तसं नोंदवहीत लिहिलं.

नियंत्रण कक्षात खसखस पिकली. पाळीप्रमुख विभावरी घाग हिनेही हसू दाबलं. खाडीच्या तोंडाशी असलेल्या या शीतगृहात दोन वर्षांपूर्वी जयवंती आली, तेव्हापासून दिवसातून दहा वेळा तरी हे चालायचं. कामगारांनी तिचं नाव ‘म्हणजेबाई’ ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं. एकदा डब्याच्या वेळी तिने स्वतःच विभावरीला विचारलं होतं, “मॅडम, म्हणजेबाई म्हणजे वाईट का?”

“वाईट नाही गं. चेष्टा.”

“मग चालेल.”

सतत विचारण्याचं कारणही तिने त्याच दिवशी सांगितलं. सातपुड्यातल्या पाड्यावरून ती आश्रमशाळेत गेली तेव्हा सात वर्षांची होती. घरी पावरी बोलत, मराठीचा एक शब्दही येत नव्हता. पहिल्या आठवड्यात गुरुजी म्हणाले, दार लाव. दुसऱ्या एका मुलीने दार बंद केलं. जयवंतीने लक्षात ठेवलं, लावणं म्हणजे बंद करणं. संध्याकाळी गुरुजी म्हणाले, दिवा लाव. दिवा चालूच होता. मागच्या खोलीतल्या दिव्याबद्दल ते बोलत होते, पण जयवंतीने उठून समोरचा दिवा बंद केला. साठ मुलं अंधारात हसली, आणि तिच्या पाठीत धपाटा बसला.

“तेव्हापासून विचारते,” ती म्हणाली. “तुम्हाला ते दोन शब्द आहेत हे ऐकू येत नाही. मला येतं.”

विभावरी हसली आणि तिने आपल्या डब्यातली कोलंबीची कोशिंबीर तिच्या झाकणात वाढली. एका शब्दात दोन शब्द असतात, हा विचार तिच्या मनाला शिवून निघून गेला.

शीतगृहात कोलंबी आणि बांगडा उणे वीस अंशांवर साठवत. ती थंडी निर्माण करायचा अमोनिया. द्रवरूप अमोनिया नळ्यांच्या वेटोळ्यांतून, म्हणजे कॉइलमधून खेळवला की तो उकळतो, वायू होतो आणि उकळताना भोवतालची उष्णता शोषून घेतो. वायू पुन्हा दाबून द्रव करायचा, पुन्हा सोडायचा. नळीत असेपर्यंत त्याच्यासारखा इमानी नोकर नाही. बाहेर आला की तो ओलावा शोधतो, आणि माणसाच्या अंगात ओलावा कुठे असतो? डोळ्यांत, घशात, फुफ्फुसांत.

म्हणून प्रत्येक क्रिया एकाने करायची आणि दुसऱ्याने विचारून खात्री करायची, असा नियम होता.

*

त्या पावसाळ्यात ‘मेळ’ आला.

छातीवर लावायचा रुपयाएवढा बिल्ला. प्लँट मॅनेजर सबनीस यांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बसवून माहिती दिली. माणसं गप्पा मारतात तेव्हा एकाचं बोलणं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं यांत सुमारे पाव सेकंदाचं अंतर असतं. एवढ्या वेळात उत्तर तयार करणं मेंदूला शक्य नाही. म्हणजे समोरचा काय म्हणणार याचा अंदाज आपण तो बोलत असतानाच बांधलेला असतो. ज्यांचं एकमेकांशी जमतं त्यांच्यात हे अंतर आणखी कमी होतं. आवाजाची पट्टी जवळ येते. श्वासाची लय जुळते. बिल्ला हे सगळं मोजणार आणि शंभरापैकी एक आकडा देणार. मेळांक. दर सोमवारी यंत्र सगळ्यांचे मेळांक बघून पाळ्या नव्याने लावणार, म्हणजे ज्यांचं जमतं ते एकत्र येतील.

“भांडणं नकोत, रुसवे नकोत, तेच तेच सांगणं नको,” सबनीस म्हणाले. “औद्योगिक वसाहतीतले नऊ कारखाने आधीच यावर गेलेत. उत्पादन वाढलंय.”

परशुरामदादांनी बिल्ला बोटांत फिरवून बघितला. “साहेब, बायकोला लावला तर चालंल काय?”

सगळे हसले. भिंतीवरच्या नव्या फलकावर आकडा ८१ वरून ८८ वर गेला. एकत्र हसणंही मेळ मोजत होता.

पहिले काही आठवडे विभावरीला ते आवडलं, हे तिने नंतर कधी नाकारलं नाही. अर्ध्या वाक्यात काम व्हायला लागलं. तिने “अरे तो” म्हणेपर्यंत पलीकडून “झालं” यायचं. डोकेदुखी थांबली. एका रविवारी आईने फोनवर विचारलं, “सर्दी झालीय का गो? आवाज जड येतोय.” सर्दी नव्हती. पाळीतल्या पुरुषांच्या पट्टीला जुळवून घेताना तिचा आवाज नकळत खाली उतरला होता.

मग एका सोमवारी पाळ्यांची यादी लागली आणि ती फलकापुढे थबकली.

पहिल्या पाळीत भुवड, शिगवण, घाग, घाणेकर. सगळे खाडीच्या अलीकडच्या तीन गावांतले. दुसऱ्या पाळीत बंदर मोहल्ल्यातले काझी, होडेकर, सोलकर. तिसऱ्यात घाटावरून आलेले. पॅकिंगला सगळ्या बायका. आणि खाली ‘राखीव’ म्हणून आठ नावं होती. त्यांत ओडिशाचे दोघे, बिहारचा एक, कानाने अधू असलेला मोरे, आणि जयवंती पावरा.

ती यादी घेऊन सबनीसांकडे गेली.

“सर, ही यादी आवाठाप्रमाणे, वाडीवाडीने लागलीय.”

“नाही. यंत्राला आडनावं दिलेलीच नाहीत. जात नाही, गाव नाही, बाई-पुरुष नाही. फक्त आवाज दिलाय. याहून निःपक्षपाती काय असणार?”

विभावरीने रसायनशास्त्रात पदवी घेतली होती, भाषेत नव्हे. तरीही आवाजात गाव असतं, शाळा असते, घरी कोण कुणाला किती वाट बघायला लावतं तेही असतं, हे तिला त्या क्षणी स्पष्ट दिसलं. आडनाव काढून टाकलं तरी माणूस तोंड उघडताच ते परत येतं. तिने हे बोलायला श्वास घेतला. सबनीसांच्या टेबलावरच्या छोट्या पडद्यावर त्या दोघांचा मेळांक ७९ वरून ७४ वर घसरला होता. सबनीसांनी तिकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“जयवंतीमुळे तुमची पाळी नव्वदीच्या खाली राहते,” ते म्हणाले. “दिवसाला सरासरी अकरा वेळा विचारते ती. म्हणजे काय, म्हणजे काय. कामात हुशार आहे, मान्य. पण निर्णय तुमचा. पाळीप्रमुखाच्या सहीशिवाय मी कुणाला हलवत नाही.”

तिने सही केली.

जयवंतीला तिने स्वतः सांगितलं, जिन्याखाली, बिल्ले काढून.

“राखीव म्हणजे काय, मॅडम?”

“म्हणजे गरज लागली की बोलावतील.”

“म्हणजे नाही बोलावणार.”

विभावरी हातातला बिल्ला फिरवत राहिली.

“मी मोठ्याने विचारते म्हणून का? हळू विचारू का?”

“तसं नाही गं. वेळ जातो, एवढंच.”

जयवंतीने मान हलवली. तिची नोंदवही तिने विभावरीच्या हातात दिली. निळ्या शाईत, सुवाच्य: सहा नंबर व्हॉल्व्ह बंद. तीन नंबर पंखा चालू. दोन नंबर पंप चालू. कुठल्याच पानावर ‘लावला’ हा शब्द नव्हता.

“ही तुमच्याकडे असू दे,” ती म्हणाली.

विभावरीने वही खणात ठेवली. आठवडाभरात तिच्यावर इतर कागद साचले.

*

पाच महिने मेळांक ९४ च्या खाली गेला नाही.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी चार नंबरच्या खोलीत कॉइलच्या सांध्यावरचं गळती रोखणारं पॅकिंग बदलायचं होतं. काम नेहमीचं, तासाभराचं. सकाळीच आधीच्या पाळीने संगणकावरून त्या खोलीचा स्वयंचलित व्हॉल्व्ह मिटवला आणि कॉइलमधला अमोनिया ओढून घेतला होता. पण हा व्हॉल्व्ह ठरावीक वेळेपुरताच मिटलेला राहतो. वेळ संपली की तो पुन्हा खोलीचं तापमान बघून आपला आपण उघडतो. म्हणून त्याच्या अलीकडे हाताने फिरवायचा चाकाचा व्हॉल्व्ह असतो. तो माणसाने जाऊन बंद करायचा. तो जुन्या पद्धतीचा. बंद की उघडा, हे पडद्यावर दिसत नाही. शेजारीच भिंतीवर खोलीतली हवा बाहेर फेकणाऱ्या पंख्याचं बटण. त्याच्यावरही रंगाने ‘४’ लिहिलेलं.

जाता जाता आधीचा पाळीप्रमुख परशुरामदादांना म्हणाला, “चार नंबर लावून ठेवलाय.”

“बरं,” परशुरामदादा म्हणाले. मध्ये पाव सेकंदही गेला नाही.

तो टायमरबद्दल बोलत होता. तासाभराचा टायमर त्याने लावून ठेवला होता. परशुरामदादांनी ऐकलं ते असं की चाकाचा व्हॉल्व्ह बंद करून ठेवलाय. मग त्यांच्या वाट्याला उरला पंखा. त्यांनी जाऊन पंखा सुरू केला.

सात वाजून सात मिनिटांनी विभावरीने वॉकीटॉकीवर विचारलं, “दादा, चार नंबर लावला?”

“लावला.”

तिच्या मनात व्हॉल्व्ह होता आणि त्यांच्या मनात पंखा. फलकावर ९७ उमटलं.

“दत्ताराम, जा आत,” ती म्हणाली.

दत्ताराम शिगवण फिटर आत गेला. सांध्याचे बोल्ट त्याने सैल केले, पॅकिंग काढलं. सव्वीस मिनिटांनी टायमर संपला. खोली तोवर बरीच गरम झाली होती. स्वयंचलित व्हॉल्व्हने तापमान बघितलं आणि नेमून दिल्याप्रमाणे तो उघडला.

नियंत्रण कक्षात आधी आवाज आला तो खुर्ची पडल्याचा. ती विभावरीचीच होती, पण ते तिला नंतर कळलं. पडद्यावर चार नंबरचा चौकोन लाल झाला होता. तिने मुख्य पंपाची वीज तोडली, भोंगा दिला, तोंडाला मास्क चढवून ती बोळातून धावली. परशुरामदादा तिच्या आधी पोचले होते. मास्क घ्यायला ते थांबले नव्हते. दत्तारामला काखेत धरून ते पाठमोरे बाहेर येत होते, डोळे घट्ट मिटून, आणि भिंतीवरचा चार नंबरचा पंखा पूर्ण वेगाने फिरत होता.

दत्तारामचा एक डोळा गेला. परशुरामदादा जगले. त्यांचा आवाज गेला.

दहाव्या दिवशी ती त्यांना बघायला रुग्णालयात गेली. त्यांच्या गळ्यात नळी होती. बायको उशाशी पाटी घेऊन बसली होती, नातवाची पाटी. त्यांनी ती मागून घेतली आणि लिहिलं: मी लावला होता बाय. पंखा.

विभावरीने पाटी वाचली. मग खाली स्वतः लिहिलं, जणू तिचाही आवाज गेला होता: मी व्हॉल्व्ह विचारला.

ते बराच वेळ ती दोन वाक्यं बघत राहिले. मग त्यांनी तळाला एकच शब्द लिहिला आणि पाटी तिच्याकडे वळवली.

म्हणजेबाई.

*

चौकशी समितीने त्या दिवसाचं सगळं संभाषण ऐकलं. अहवालात लिहिलं होतं की संवादात कोणताही दोष आढळला नाही. प्रश्न आणि उत्तर यांत अठरा शतांश सेकंदाचं अंतर होतं, स्वर स्थिर होते, मेळांक ९७. दोष चाकाच्या व्हॉल्व्हचा असावा. तो आतून झिजला असण्याची शक्यता आहे. विभावरीने लेखी जबाब दिला: आम्हा तिघांनी एकच शब्द वापरला आणि तिघांनीही विचारलं नाही. जबाब परिशिष्टात गेला.

ती घरी बसून गणित करत राही. एक माणूस शंभरात एकदा चुकतो. त्याच्यावर नजर ठेवणारा दुसराही शंभरात एकदा चुकतो. दोघं एकाच वेळी चुकायची शक्यता दहा हजारांत एक, म्हणून तर एकाने करायचं आणि दुसऱ्याने विचारायचं. पण हा गुणाकार तेव्हाच खरा असतो जेव्हा दुसरा माणूस वेगळ्या कारणाने चुकतो. दोघं एकाच घरात वाढलेले, एकाच शाळेत शिकलेले, एकच शब्द एकाच तऱ्हेने ऐकणारे असतील, तर दुसरा माणूस तिथे नसतोच. पहिल्याचाच प्रतिध्वनी असतो. मेळने दर सोमवारी, अत्यंत काटेकोरपणे, दुसरा माणूस काढून टाकला होता. आणि त्यातल्या पहिल्या यादीवर तिची सही होती.

मार्चअखेर सबनीसांनी तिला बोलावलं. मेळ बनवणाऱ्या कंपनीने देशभरातून नमुने मागवले होते. नव्या यंत्रांना चांगला संवाद म्हणजे काय ते शिकवायला.

“तुमचं एक निवडलं गेलंय,” ते म्हणाले. “नाव येणार नाही. फक्त आवाज.”

त्यांनी ऐकवलं. दादा, चार नंबर लावला? लावला.

“सर, हे ते आहे,” ती म्हणाली.

“कोणतं?”

तिने सांगितलं. पडद्यावरचा आकडा खाली आला.

“पण संवाद म्हणून तो उत्तमच आहे ना,” ते म्हणाले.

ती तिथून उठून थेट आपल्या खणापाशी आली, वही काढली आणि दुसऱ्या दिवसाची रजा टाकली.

*

जयवंती घाटावरच्या एका दूध प्रकल्पात लागली होती. तिथेही अमोनियाच होता, शीतगृहापेक्षा तिप्पट मोठी टाकी. दारावर विभावरीला पाहुण्यांचा बिल्ला मिळाला. तोही मेळचाच.

नियंत्रण कक्षात सहाजण होते. जयवंती मधल्या टेबलाशी होती. विभावरीला बघून ती उठली आणि हसली. ते हसू नेमकं शेजारच्या माणसाच्या हसण्याबरोबर सुरू झालं आणि त्याच्याबरोबर थांबलं.

“या की मॅडम, बसा. च्या घेणार न्हवं?”

विभावरी बघतच राहिली. बोलणं त्या गावचं होतं, हेलासकट. शाळेतली जपून बोलायची मराठी कुठेच उरली नव्हती. भिंतीवर ९१.

“जयवंती, मी तुला परत न्यायला आलेय. माझं चुकलं. आमच्याकडे...” तिने वही पुढे केली आणि काय घडलं ते सांगितलं.

जयवंतीने वही उघडली, पानं चाळली. चेहरा काही क्षण पूर्वीचा झाला.

“परशुरामदादा?”

“बोलत नाहीत.”

तिने वही मिटली. “मी राखीवमध्ये तीन महिने होते, मॅडम. चार ठिकाणी गेले. सगळीकडे बिल्ला. मग शिकले. भावाच्या मोबाइलवर या लोकांची बोलणी भरून घेतली आणि आरशापुढे सराव केला. समोरच्याचं बोलणं संपायच्या आधी हो म्हणायचं. श्वास तिथेच घ्यायचा.”

“आणि कळलं नाही तर?”

“अंदाज करायचा.” ती खाली बघत म्हणाली. “पहिल्यांदा प्रश्न जिभेवर यायचा. दोन शब्द ऐकू यायचे ना, एकाच्या आत एक. आता नाही येत.”

“काय नाही येत? प्रश्न?”

“दोन शब्द.”

तेवढ्यात टेबलावरचा वॉकीटॉकी खरखरला. “जयाताई, दोन नंबर लावला.”

“हां, चालतंय,” जयवंती म्हणाली.

फलक ९१ वरून ९२ वर गेला. शेजारच्या माणसाने पडद्यावर एका चौकोनात खूण केली आणि चहाचा पेला उचलला. कुणी मान वर केली नाही. विभावरीने भिंतीकडे बघितलं. नकाशात दोन नंबरचा पंप होता. दोन नंबरचा व्हॉल्व्ह होता. दोन नंबरचा पंखाही होता.

ती वाट बघत राहिली. जयवंती विचारील, आत्ता विचारील. जयवंतीच्या ओठांची किंचित हालचाल झाली, मग ती बिल्ल्याला बोट लावून तशीच राहिली.

विभावरीने पुढे होऊन वॉकीटॉकी उचलला आणि बटण दाबलं.

“लावला म्हणजे?” ती म्हणाली.

सहाही जणांनी वळून बघितलं. फलक ८४. पाव सेकंद गेला. अर्धा. एक. ७१. कुणीतरी म्हणालं, ओ बाई, ते ठेवा खाली. ६३, आणि आकडा लाल झाला. तिने बटणावरचं बोट उचललं आणि वॉकीटॉकी कानाशी धरून ती ऐकत राहिली. शेजारी जयवंतीचा श्वास मध्येच अडकला होता, एकटा, कुणाशीही न जुळलेला.

पलीकडे चार सेकंद शांतता होती.

“म्हणजे...” तो आवाज म्हणाला, आणि थांबला. “थांबा हां. जाऊन बघतो.”

मग वॉकीटॉकीवर पळण्याचा आवाज आला.